खिडकी नसलेल्या खोलीत फोटो कसा काढायचा?

घरात, हॉलमध्ये, कार्यालयात फोटो काढताना फ्लॅश वापरणं हे आता जवळपास अडाणीपणाचं लक्षण झालं आहे. फोटोग्राफीच्या वर्गात नव्या मुलांना पहिला धडा मिळतो तो फ्लॅश बॅगेत ठेवण्याचा. लग्नाचे फोटो काढणारे जाहिरातीत ‘आम्ही फक्त नॅचरल लाइटवर काम करतो’ असं लिहितात आणि वधूवरांचे आईवडीलही ते वाचून खूश होतात. या मंडळींचं म्हणणं साधारण असं असतं: फ्लॅश खोलीतलं वातावरण मारतो, तो खोटा असतो, माणसांना बुजवतो, आणि आताचे कॅमेरे अंधारातही बघू शकतात म्हणून त्याची गरजच उरलेली नाही. यातलं एकही विधान मला जसंच्या तसं मान्य नाही, आणि शेवटचं तर मुळीच नाही.

फ्लॅशचे फोटो वाईट दिसतात, हे खरं आहे. प्रत्येक घरातल्या जुन्या अल्बममध्ये पुरावा सापडेल. केक कापणाऱ्या मुलाचं तोंड पांढरंफटक, मागची माणसं काळोखात बुडालेली, भिंतीवर डोक्याची काळीकुट्ट सावली, आजोबांचे डोळे लाल. पण हे असं का होतं, ते विचारायची तसदी कोणी घेत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मुलापासून 1 मीटरवर असेल, तर 2 मीटरवरच्या मावशीला त्याचा चौथा हिस्सा प्रकाश मिळतो आणि 4 मीटरवर दाराशी उभ्या असलेल्या काकांना सोळावा. मुलाच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर बसवलं की काका अंधारात जाणारच. डोळे लाल होतात ते फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यामुळे. प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतून सरळ आत जातो आणि आतल्या रक्तवाहिन्यांवरून त्याच वाटेने परत येतो. सावलीची कड धारदार पडते, कारण फ्लॅशची काच जेमतेम दोन-तीन इंचांची असते. म्हणजे प्रकाश लहान आहे, जवळ आहे आणि नाकासमोरून येतो आहे, एवढाच हा दोष. मोटारसायकलच्या दिव्यात फोटो काढलात तरी चेहऱ्याची अशीच वाट लागेल.

आता फ्लॅशचं डोकं छताकडे वळवा. प्रकाश देणारी वस्तू आता फ्लॅश राहिली नाही, दहा फूट रुंदीचं पांढरं छत झालं. दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) त्यात खर्ची पडतात, बॅटरी लवकर उतरते. पण छतापासून मूल आणि काका यांच्या अंतरात फारसा फरक नसल्यामुळे काकाही दिसू लागतात. वरून आलेल्या प्रकाशाने डोळ्यांखाली खड्डे पडत असतील तर बाजूच्या भिंतीवर मारा. मोठ्या खिडकीशेजारी बसल्यासारखा प्रकाश गालावर येतो. अट एवढीच की भिंत पांढरी हवी. छताला गुलाबी-पिवळ्या कापडाच्या झालरी सोडलेल्या असतील आणि तिथेच फ्लॅश मारलात, तर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसेल. तो दोष फ्लॅशचा नाही आणि मंडपवाल्याचाही नाही. शटर दाबण्याआधी वर न बघणाऱ्याचा आहे.

या सगळ्या वादात हिशेबच मुळात खोटा मांडला जातो. फ्लॅश वाईट वापरला की तो ओळखू येतो आणि बदनामी त्याच्या खात्यावर जमा होते. चांगला वापरला की ओळखू येत नाही आणि कौतुक ‘नैसर्गिक प्रकाशा’च्या खात्यावर जातं. भिंतीवरून परतवलेल्या फ्लॅशचे फोटो दाखवून ‘फ्लॅश नसला की कसं छान येतं’ अशी शाबासकी मिळवलेले फोटोग्राफर कितीतरी असतील. ते गिऱ्हाइकाची चूक दुरुस्त करत नाहीत, एवढंच.

सिनेमातलं उदाहरण याहून बोलकं आहे. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’मधलं (1956) बनारसचं घर आठवा. मधला चौक, भोवतीच्या खोल्या, आणि वरच्या आभाळातून झिरपणारा तो मऊ, सावली न पाडणारा उजेड. ते घर बनारसमध्ये नव्हतं. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. चौकावर पांढरं कापड ताणून, खालून त्यावर दिव्यांचे झोत मारून, परतणाऱ्या प्रकाशात छायालेखक सुब्रत मित्र यांनी ते टिपलं. जाणकारांनाही ते बनारसमधलं खरं घर वाटलं होतं. सुब्रत मित्र यांना तो उजेड खरा दिसायला हवा होता, म्हणून त्यांनी तो बनवला. चौकात उजेड कसा उतरतो, कुठल्या कोपऱ्यात मंदावतो, याचा अभ्यास असल्याखेरीज ते जमत नाही. ‘आहे तो प्रकाश पाहायला शिका’ हा उपदेश मलाही मान्य आहे. पण पाहायला शिकलेल्या माणसाने मग हात बांधून का बसायचं?

फ्लॅश खोटं बोलतो, हा आरोप तर मला नेहमीच चमत्कारिक वाटतो. खोली जशी होती तशी कॅमेरा दाखवतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तो तशी दाखवत नाही. दुपारी दोन वाजता खिडकीला पाठ करून आजी तांदूळ निवडत बसली आहे. तुम्हाला खिडकीबाहेरचं उन्हातलं चिंचेचं झाड दिसतं आणि आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही दिसते, कारण डोळा एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरताना स्वतःला जुळवून घेतो आणि मेंदू दोन्ही जोडतो. कॅमेऱ्याला एकाच क्लिकमध्ये दोन्ही पेलत नाही. झाड नीट आलं तर आजीची काळी आकृती उरते, आजी नीट आली तर खिडकीच्या जागी पांढरं भगदाड पडतं. अशा वेळी समोरच्या भिंतीवरून परतवलेला थोडासा फ्लॅश आजीचा चेहरा उचलतो, आणि फोटो तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेल्या खोलीच्या जवळ जातो. यात खोटं काय झालं?

शिवाय हेच शुद्धतावादी कमी उजेडात काय करतात? लेन्स पूर्ण उघडतात. 50 मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर 1.4, माणूस 2 मीटरवर: फोकसमध्ये राहते सुमारे 13 सेंटिमीटरची पट्टी. डोळे लख्ख, कानाचा मऊ धुरळा आणि मागे उभी असलेली अख्खी आत्याबाई विरघळून गेलेली. खोली तर अशी कोणालाच दिसली नव्हती. मला अशा फोटोंचा तिटकारा नाही. एकट्या माणसाच्या चेहऱ्याला ते शोभूनही दिसतात. पण आत्याला पुसून टाकणाऱ्याने सत्याच्या नावाने फ्लॅशकडे बोट दाखवू नये. दोन रांगांत उभ्या केलेल्या अठरा नातेवाइकांचा फोटो 1.4 वर काढून बघा, मागच्या रांगेतले लोक तुम्हाला पुढच्या कार्याला बोलावणार नाहीत.

आता ‘कॅमेरे अंधारातही बघतात’ हा मोठा मुद्दा: आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता. नवे कॅमेरे खरंच चांगले आहेत. फिल्मच्या काळात 400 आयएसओचा रोल घालून जे करणं अशक्य होतं, ते आज 6400 वर सहज होतं आणि दाणेही फारसे दिसत नाहीत. पण आयएसओ वाढवून खोलीत प्रकाशाचा एक कणही वाढत नाही, आणि जो आहे त्याची दिशा तर बदलतच नाही. मंगल कार्यालयात दिवे असतात छताला. प्रकाश सरळ डोक्यावर पडतो. कपाळ आणि नाकाचं टोक चमकतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. नवऱ्याने फेटा बांधला असेल तर भुवयांपर्यंत सावली; नवरीच्या डोक्यावरून शेला असेल तर अर्धा चेहरा सावलीत, आणि वर मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर. आयएसओ 6400 करा नाही तर 64,000 करा, तीच खोबण तुम्हाला जास्त उजळ आणि जास्त खरखरीत मिळेल. डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका येणार नाही, आणि तो ठिपका नसलेला चेहरा कितीही हसरा असला तरी थकलेला दिसतो.

रंगाचं दुखणं आणखी वेगळं आहे. व्यासपीठावर पिवळसर हॅलोजन, हॉलमध्ये पांढऱ्या एलईडी ट्यूब, दाराशी दुपारचं ऊन, आणि भरीला डीजेवाल्याने सोडलेले जांभळे दिवे. एका गालावर एक रंग, दुसऱ्यावर दुसरा. व्हाइट बॅलन्स एका वेळी एकाच रंगाला सरळ करू शकतो. पैठणीचा खरा रंग कुठला होता हे मग नवरीच्या आईला विचारावं लागतं. इथे फ्लॅशवर हलकी नारिंगी फिल्म चढवून त्याला हॅलोजनच्या रंगात आणलं आणि चेहऱ्यावर त्याचं राज्य ठेवलं, तर कातडीचा रंग कातडीसारखा येतो आणि मागचे दिवे आपल्या जागी राहतात. वातावरण मरतं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी करून बघावं. मागचा उजेड किती राखायचा, हे शटरच्या हातात असतं: फ्लॅश क्षणात संपतो, पण शटर जितका वेळ उघडं राहील तितका खोलीतला उजेड फोटोत येत राहतो. 1/200 ठेवलं तर हॉल काळा पडेल, 1/30 ठेवलं तर दिव्यांच्या माळा, समया, झुंबर सगळं जिवंत राहील. फ्लॅश आणि खोलीचा उजेड एकमेकांचे वैरी आहेत ही समजूत हे न शिकल्यामुळे झालेली आहे.

आणि अक्षतांचं काय करायचं? अंतरपाट बाजूला होतो, चारी बाजूंनी अक्षता उडतात, दोघं एकमेकांकडे बघतात. हा क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. बऱ्यापैकी उजळ हॉलमध्ये आयएसओ 1600, अ‍ॅपर्चर 2.8 आणि शटर 1/125 असं गणित बसतं असं धरू. 1/125 वर उडत्या अक्षतांच्या नुसत्या फिकट रेघा उमटतील. शटर 1/500 करा. दोघांचे चेहरे, मधले गुरुजी आणि मागचा मामा फोकसमध्ये हवेत म्हणून अ‍ॅपर्चर 5.6 करा. झाला सोळापट प्रकाश कमी, म्हणजे आयएसओ 25,600. त्यात आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण 1/500 वर कॅमेऱ्याला कळतं, आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. याउलट झेनॉन फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. तांदळाचा दाणा हवेत जागच्या जागी थांबलेला दिसतो. एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी 1930 नंतरच्या दशकांत दुधाच्या थेंबाचे मुकुट आणि सुटलेल्या गोळ्या याच वाटेने टिपल्या. फोनवरचा ‘फ्लॅश’ मात्र यात धरू नका. तो लेन्सला चिकटलेला लुकडा एलईडी आहे, आणि फ्लॅशची निम्मी बदनामी त्याचीच करणी आहे.

फ्लॅश माणसांना बुजवतो, या तक्रारीवर मात्र थांबायला हवं, कारण ती खोटी नाही. पण तिचा विचार करताना एकाच फोटोग्राफरच्या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. 1946 मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला पुण्यात आल्या. आधी चरखा चालवायला शिका, अशी अट त्यांना घातली गेली आणि त्यांनी ती पाळली. खोली अंधारी, गांधीजींचा मौनाचा दिवस, त्यांना झगझगीत प्रकाश आवडत नसे. म्हणून फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसरा लागला. चरख्यामागे बसून कात्रणं वाचणारे गांधीजी आज जगभर ज्या फोटोतून ओळखले जातात, तो हा फोटो. दुसरी गोष्ट 30 जानेवारी 1948 च्या रात्रीची. बिर्ला भवनात गांधीजींचं पार्थिव ठेवलेल्या खोलीत त्याच बर्क-व्हाइट कॅमेरा लपवून शिरल्या आणि त्यांनी फ्लॅश उडवला. लोक संतापले, फिल्म काढून घेतली गेली, त्यांना बाहेर जावं लागलं. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ तेव्हा दिल्लीतच होते. छोटा लायका कॅमेरा आणि आहे तो प्रकाश एवढ्यावर त्यांनी त्या दिवसांचं काम केलं. फ्लॅश वापरणं त्यांना असभ्यपणाचं वाटे, आणि त्या रात्री ते खरंही ठरलं. पण पुण्यातला आणि दिल्लीतला फ्लॅश एकच होता. पुण्यात बाईंनी विचारलं होतं, दिल्लीत विचारलं नाही. दुःखाच्या खोलीत न विचारता फ्लॅशशिवाय फोटो काढणाराही माझ्या लेखी तेवढाच उद्धट.

कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेणारे लोक आणखी एक नाव घेतात, एरिख सॉलोमन यांचं. 1920 च्या दशकाच्या अखेरीला एर्मानॉक्स कॅमेऱ्याच्या 1.8 लेन्सने त्यांनी न्यायालयं आणि राजकीय परिषदा फ्लॅशशिवाय टिपल्या. 1930 च्या हेग परिषदेत रात्री उशिरा पेंगुळलेले मंत्री त्यांच्यामुळेच आपल्याला दिसतात. काम थोरच आहे. पण ते मंत्री खुर्च्यांवर स्वस्थ बसले होते आणि वर विजेचे दिवे भरपूर होते, हे विसरून चालणार नाही.

आता चाळीस वर्षं मागे जा. न्यूयॉर्कच्या झोपडवस्तीसारख्या इमारतींत, पोलीस-बातम्या लिहिणारे जेकब रीस रात्री फिरत. त्या खोल्यांविषयी त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, फारसं कोणी हललं नाही. 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झटक्यात पेटणारी पूड निघाल्याची छोटीशी बातमी त्यांनी वाचली, आणि ती पूड तव्यावर पेटवत ते कॅमेरा घेऊन आत शिरले. बेयर्ड स्ट्रीटवर एका खोलीत, जिची लांबी-रुंदी 13 फूटही नव्हती, बारा जण झोपलेले होते. माणशी पाच सेंट भाडं. त्या खोलीत ‘आहे तो प्रकाश’ नव्हताच. 1890 मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्हज’ हे पुस्तक आलं. थिओडोर रूझवेल्ट पुढे शहराचे पोलीस आयुक्त झाले; रीसबरोबर त्यांनी रात्रीच्या फेऱ्या मारल्या, आणि 1896 मध्ये बेघरांसाठीची पोलिसांची गलिच्छ रात्रनिवासं बंद झाली. रीस संत नव्हते. झोपलेल्या माणसांना त्यांनी न विचारता दचकवून जागं केलं, आणि त्या पुडीने एक-दोनदा आगही लावली. त्यांची ती रीत मी कोणाला शिकवणार नाही. पण त्यांनी खिडकीतल्या मऊ उजेडाची वाट बघायची ठरवली असती, तर ती खोली आजपर्यंत कोणाला दिसली नसती.

फ्लॅशविरोधातली ही सगळी सौंदर्यदृष्टी मोठ्या खिडकीवर उभी आहे, हे कोणी बोलत नाही. ज्यांच्या घराला उत्तरेकडे उंच खिडकी, पांढऱ्या भिंती आणि पातळ पडदे आहेत, त्यांचे फोटो फ्लॅशशिवाय सुंदर येतात, यात फोटोग्राफरची कर्तबगारी किती आणि वास्तुविशारदाची किती? धारावीतल्या पोटमाळ्यावर भरदिवसाही ट्यूब लावावी लागते. कोकणातल्या जुन्या घराच्या माजघरात उजेड येतो तो दोन दारं ओलांडून. त्या घरातली मुलगी दहावीला पहिली आली, तर तिने फोटोसाठी दुसऱ्याच्या गॅलरीत जाऊन उभं राहायचं? की काळोखी, दाणेदार फोटो काढून त्याला ‘वास्तव’ म्हणायचं? गरिबाच्या घरातला अंधार कलात्मक म्हणून मिरवणाऱ्या फोटोंची मला खरोखर चीड येते. ती माणसं त्या अंधारात एकमेकांना स्वच्छ ओळखतात. फोटोत मात्र ती सावल्या होऊन उरतात. भिंतीवरून परतवलेला एक फ्लॅश तिथे मुलीचा चेहरा, भिंतीवरचा देव, फळीवरची भांडी हे सगळं देतो. त्यांना फोटो हवा असतो तो यासाठी.

फ्लॅश कुठे काढू नये, याची यादी मलाही पाठ आहे. नाटकाच्या प्रयोगात, कारण तिथे प्रकाशयोजना हे कोणाचं तरी काम असतं आणि नटाला समोर अंधार लागतो. देवघरात समई आणि निरांजन एवढ्याच उजेडात कोणी बसलं असेल तेव्हा. होमाच्या ज्वाळेने चेहरे तांबूस झाले असतील तेव्हा. अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, ती असायलाच हवी. बिनॉय बहल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली भित्तिचित्रं अत्यंत मंद प्रकाशात टिपून दाखवली आणि फ्लॅशशिवाय काय होऊ शकतं ते सिद्ध केलं. भित्तिचित्रं मात्र हलत नाहीत आणि अक्षताही टाकत नाहीत.

तेव्हा ज्यांच्या घरात येत्या हंगामात लग्न, मुंज, बारसं आहे, त्यांना एक विनंती. फोटोग्राफर ठरवताना त्याला ‘फ्लॅश वापरता का’ असं विचारू नका. सकाळच्या उन्हातले, बागेतले फोटो तर मुळीच बघू नका. ते कोणाचेही बरे येतात. रात्री आठच्या रिसेप्शनचे, ट्यूबलाइटच्या हॉलमधले, फेटेवाल्या मंडळींचे आणि शेवटच्या पंगतीचे फोटो मागा. त्यात माणसांचे डोळे दिसतात का, साडीचा रंग साडीसारखा आहे का आणि मागच्या रांगेतली आत्या ओळखू येते का, एवढं बघा आणि मग पैसे ठरवा.